भाडेपट्ट्याचे घर आणि पाडकामाचा निर्णय

मित्रहो, पुनर्विकास म्हटले की मुंबईकराच्या मनात मोठ्या घराची आशा जागी होते. बीडीडी चाळीतल्या एका खोलीच्या बदल्यात तिथे 500 चौरस फुटांचे मालकीचे घर मिळते. लंडनमध्ये कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेच्या, वसाहतीत पदरचे पैसे घालून फ्लॅट घेतलेल्या माणसाला मात्र याच शब्दाने धडकी भरते. ती का भरते, हे मी सदर्क भागातल्या एल्सबरी या सुमारे 2,700 घरांच्या वसाहतीच्या आधारे सांगणार आहे.

1980 च्या गृहनिर्माण कायद्याने कौन्सिलच्या भाडेकरूंना राहते घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. फ्लॅटच्या बाबतीत ही खरेदी म्हणजे साधारणपणे 125 वर्षांचा भाडेपट्टा. इमारत आणि जमीन कौन्सिलचीच राहते आणि पट्टेधारक देखभालीचा वाटा भरत राहतो. हप्ते फिटले की घर आपले झाले, असे त्याला वाटते आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. पण इमारत ठेवायची की पाडायची, हे ठरवणे त्याच्या हाती नसते.

एल्सबरी पाडण्याचे कौन्सिलने 2005 मध्ये ठरवले. अशा वसाहतीतून भाडेकरू एकेक करून हलवले जातात, रिकाम्या घरांच्या दारांवर लोखंडी पत्रे ठोकले जातात आणि लांबलचक मजल्यावर एखाद्याच स्वयंपाकघरात दिवा दिसतो. त्या दिव्यामागे बहुधा पट्टेधारक असतो, कारण भाडेकरूला कौन्सिल दुसरे घर देते आणि याच्या हाती पडतो तो बाजारभाव. स्वतः राहत असल्यास त्यावर 10 टक्के, तेही ठरावीक मर्यादेपर्यंत, आणि घर हलवण्याचा खर्च. योजनेमुळे किंमत पडली असेल तर ती घट धरू नये, असे कायदा सांगतो. पण वर्षानुवर्षे दुरुस्ती टळलेल्या इमारतीतल्या जुन्या फ्लॅटचा भाव आणि त्याच जागी उभ्या राहणाऱ्या नव्या फ्लॅटचा भाव यांतली दरी त्याने बुजत नाही. साठी ओलांडलेल्याला ती दरी भरून काढायला कर्ज मिळणेही अवघड जाते. मग भागीदारीतले घर पुढे केले जाते: भरपाईची रक्कम त्यात घालायची आणि उरलेला हिस्सा कौन्सिलसारख्या दुसऱ्या मालकाचा, आणि त्याचे कधीकधी भाडेही द्यावे लागते. ज्याने अख्खे घर घेतले होते, त्याला म्हातारपणी अर्धवट मालक करणे मला अन्यायाचे वाटते.

2016 मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे मंत्री साजिद जाविद यांनी एल्सबरीच्या एका भागाच्या सक्तीच्या संपादनाला मंजुरी नाकारली, आणि घरगुती जीवनाचा हक्क हा त्यातला एक मुद्दा होता. तो निर्णय टिकला नाही. 2018 मध्ये संपादनाला मंजुरी मिळाली, पण तोवर कौन्सिलला पट्टेधारकांसाठीच्या अटी सुधाराव्या लागल्या होत्या. त्याच वर्षापासून लंडनच्या महापौरांच्या निधीतून मोठे पाडकाम करायचे तर रहिवाशांचे मतदान आवश्यक झाले. त्यात तिथे राहणाऱ्या पट्टेधारकालाही मत आहे, मात्र भाडेकरूंच्या तुलनेत अशा मतांची संख्या बहुतेक ठिकाणी थोडी असते.

म्हणून मतदानाआधी हाती येणारा प्रस्ताव पट्टेधारकाने बारकाईने वाचावा: नव्या घरातला दुसऱ्याचा हिस्सा बिनभाड्याचा आहे का, देखभालखर्च किती वाढेल, आणि आपल्या माघारी ते घर त्याच अटींवर मुलांकडे जाईल का. याची उत्तरे तोंडी घेऊ नयेत, लेखी मागावीत.