पऱ्हाट्यांवर धरलेली वाफ

(पडद्यावर काळोख. फक्त हातोडीचा आवाज.)

हा आवाज नीट ऐका. टण्. टण्. टण्. आणि आता हा. बद्द.

हातोडी पाव किलोची. ती धरणारा हात सत्तरी ओलांडलेला. चार-चार बोटांच्या अंतरानं पत्रा वाजवत आप्पा पुढं सरकतात. पत्रा धड असेल तिथं घंटेसारखा नाद उठतो. आतून गंजानं खाल्लेला असेल तिथं आवाज बसतो. तिथं खडूची फुली पडते, आणि आप्पा एवढंच म्हणतात, "आठे बद्द वाजस." इथं बद्द वाजतंय.

आप्पा भुसावळच्या लोको शेडमध्ये बॉयलरमेकरच्या हाताखाली तयार झाले. पुढं वाफेची इंजिनं रुळांवरून हटली, त्यांचं कामही बदललं. कान मात्र तोच राहिला. या बॉयलरवर त्यांनी नऊ फुल्या मारल्या. नंतर जाडी मोजायचं अल्ट्रासोनिक यंत्र आणलं, तर आठ ठिकाणी त्यानंही पत्रा पातळच दाखवला. नवव्या फुलीखाली पत्रा शाबूत होता. तिथला रिव्हेट, म्हणजे दोन पत्रे जोडणारा खिळा, सैल होता. जाडी मोजणाऱ्या यंत्राला ते कळायचं कारण नव्हतं.

(शेडचा दर्शनी भाग. पत्र्यावर ऊन.)

धुळे शहर, पारोळा रोड. मे महिना. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि नांगराचे फाळ दुरुस्त करणारं हे एक साधं वर्कशॉप. एक जुना लेथ, एक ड्रिल मशीन, भाता, ऐरण, छताच्या आडव्या गर्डरला टांगलेली चेनकुप्पी. मालकाला सगळे जिभाऊ म्हणतात. शेडच्या मधोमध, ट्रॅक्टरला जागा उरू नये अशा थाटात बसलंय हे धूड.

वाफेचा रोडरोलर. बनवणारी कंपनी मार्शल, सन्स अँड कंपनी. गाव गेन्सबरो, परगणा लिंकनशायर, इंग्लंड.

खान्देशात वाफ आली ती रुळांवरून आणि कापसाच्या मागोमाग. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरची नजर इकडच्या काळ्या जमिनीवर आली. त्याच सुमारास जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे रूळ जळगाव-भुसावळपर्यंत पोचले. पुढं जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले आणि त्यांची चाकं वाफेवर फिरू लागली. तेव्हाची फिरती इंजिनं चाकांवर असत, पण स्वतः चालत नसत. त्यांना बैल किंवा घोडे ओढत. १८५९ मध्ये इंग्लंडात थॉमस एव्हलिंग यांनी अशाच एका इंजिनाच्या फ्लायव्हीलची, म्हणजे जड फिरत्या चाकाची, ताकद साखळीनं मागच्या चाकाला जोडली आणि इंजिन स्वतःच्या पायांनी चालू लागलं. ट्रॅक्शन इंजिनाचं कूळ ते हेच. पुढच्या दशकात त्याला पोकळ चाकांऐवजी जड रूळ बसवले, आणि रस्ता दाबायचा रोलर तयार झाला.

आपल्याकडच्या कित्येक रस्त्यांचा मुरूम आणि खडी या यंत्रानं दाबलीय. टेल्कोनं (पुढची टाटा मोटर्स) जमशेदपुरात १९४८ साली वाफेचे रोडरोलर बांधायला घेतले, ते याच मार्शल कंपनीच्या सहकार्यानं. म्हणजे आजी-आजोबांनी रस्त्यावर पाहिलेला रोलर कधी गेन्सबरोचा असे, कधी जमशेदपूरचा. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली, त्या खडीवरून फिरलेल्या रोलरांमध्ये यांच्यातले किती तरी असतील.

हा रोलर साक्री तालुक्यात एका सरकारी आवारात चिंचेखाली उभा होता. चिमणीत पक्ष्याचं घरटं, मागच्या चाकाच्या आऱ्यांमधून उगवलेली बाभूळ. आणि वरून चंदेरी ऑइलपेंटचे थर. कुणीतरी दर काही वर्षांनी प्रेमानं रंग दिला होता, पण तो गंजावरच दिला होता. महाराष्ट्रात अशी किती तरी इंजिनं कचेऱ्यांच्या दारात, चौकाचौकांत रंगवून उभी आहेत. त्यांच्याभोवती साखळी असते, खाली कुंड्या असतात. त्यांच्या पोटात काय चाललंय ते कुणी उघडून पाहत नाही. जिभाऊंनी लिलावात हा उचलला तो पोट उघडण्यासाठी.

(बॉयलरचा आडवा शॉट. कॅमेरा चिमणीपासून मागं सरकतो.)

या यंत्राला मोटारीसारखी चासी नसते. बॉयलर हाच कणा. पुढं स्मोकबॉक्स, त्याच्या पुढच्या टोकाला पुढचा रूळ पेलणारा काटा. वर सिलिंडर, थेट बॉयलरच्या पाठीवर बोल्टांनी घट्ट केलेला. मागं फायरबॉक्स, आणि त्याच्याच दोन्ही बाजूंचे पत्रे लांबवून त्यात मागच्या चाकांचे आस बसवलेले. वाफ धरणारं आणि वजन पेलणारं अंग एकच. त्यामुळं बॉयलर गेला की रोलर गेला. बाकी सगळं नवं घडवता येतं.

म्हणून पहिले चार महिने गेले ते फक्त बॉयलरवर. आणि आमच्या कॅमेऱ्याचे बहुतेक दिवसही तिथंच गेले.

सुरुवात अंगावरच्या पांघरुणापासून. उष्णता धरून ठेवायला बॉयलरभोवती ॲस्बेस्टॉस गुंडाळलेलं होतं. ते ओलं करून, मास्क लावून, बंद पिशव्यांमध्ये भरून काढलं. कुणी असं इंजिन उघडायला घेणार असेल तर हे आधी लक्षात ठेवावं. तो पांढरा भुगा फुप्फुसात गेला की परत येत नाही.

मग नळ्या. फायरबॉक्समधली आग आणि गरम धूर ३२ नळ्यांमधून पुढं जातो, नळ्यांभोवती पाणी असतं. प्रत्येक नळी दोन्ही टोकांना फुगवून प्लेटमध्ये घट्ट बसवलेली. ती सोडवायची म्हणजे आधी टोक चिरून आत वाकवायचं, मग मागून ठोकायचं.

(नळी बाहेर येते. जवळून.)

हे पाहा. नळी मूळची दोन इंची. बाहेर आली तेव्हा मनगटाएवढी जाड. वरचं हे राखाडी कवच म्हणजे आपल्या विहिरींचं पाणी. पाण्यातले क्षार उकळताना खाली बसतात आणि तव्यावरच्या करपलेल्या पिठासारखे चिकटतात. तापी-पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात तर कित्येक विहिरी खारटच. हा थर उष्णता पुढं जाऊ देत नाही. आग एका बाजूला पेटलेली, पाणी दुसऱ्या बाजूला, आणि मधलं पोलाद अडकून तापत राहतं, मऊ पडतं. जुने ड्रायव्हर यासाठी पाण्यात धुण्याचा सोडा टाकत. मग क्षार चिकटण्याऐवजी गाळ होऊन तळाशी बसत आणि तळाचा कॉक उघडला की वाफेच्या जोरानं बाहेर पडत. हे कुठल्या पुस्तकात वाचलं असं आम्ही विचारलं. आप्पांनी हातातली नळी खाली ठेवली, कवचाचा एक तुकडा मोडला आणि आमच्या तळहातावर दिला. अंड्याच्या टरफलापेक्षा चौपट जाड, आणि झाडाच्या वर्तुळांसारखे त्यात पदर. प्रत्येक पदर म्हणजे काही दिवसांचं काम. ज्या पदरांमध्ये मातकट रंग आहे ते नाल्याचं पाणी, पांढरे आहेत ते विहिरीचं. आप्पा बोटानं एकेक दाखवत गेले.

जिभाऊंनी शेडच्या पन्हळीखाली टाकी बसवलीय. या बॉयलरला आता पावसाचं पाणी मिळणार.

(फायरबॉक्सच्या तळाचा भाग. खडूच्या फुल्या.)

फायरबॉक्सच्या तळाशी, जिथं गाळ साचून राहतो, तिथला पत्रा सर्वांत जास्त सडला होता. आठही फुल्या तिथल्याच. तेवढा पट्टा कापून बॉयलरच्या प्रतीचा नवा पत्रा बसवायचा होता, आणि जोड मूळचा तसाच, रिव्हेटचा ठेवायचा होता. खान्देशात आज गरम रिव्हेट मारणारी माणसं हातावर मोजण्याएवढी. इथं तिघं जमले. आप्पा, जिभाऊ आणि आयटीआय झालेला एक पोरगा.

(इथून दीड मिनिट निवेदन नाही. भाता, सांडशी, घण.)

रंगावर लक्ष ठेवा. लाल पुरत नाही, पांढरा झाला तर जळला. नारिंगी, पिकल्या पपईच्या गरासारखा, तोच हवा. पोरगा सांडशीनं रिव्हेट उचलतो, भोकात घालतो. आत फायरबॉक्समध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसलेले जिभाऊ डॉली टेकवून रिव्हेटचं डोकं दाबून धरतात. बाहेरून आप्पांचा घण. सात-आठ घावांत टोकाची टोपी वळते. मग थांबायचं. थंड होताना रिव्हेट आखडतो आणि दोन पत्र्यांना एकमेकांत ओढून घेतो. घणानं वळते ती टोपी, पकड बसते ती या आखडण्यानं. शेवटी आप्पा पुन्हा ती पाव किलोची हातोडी घेतात आणि प्रत्येक रिव्हेट वाजवून बघतात. त्या दिवशी तीन बद्द वाजले. तिन्ही कापले, पुन्हा मारले.

बेअरिंगांमध्ये व्हाइट मेटल हा मऊ मिश्रधातू नव्यानं ओतला, निळा रंग लावून जिथं घासतं तिथं स्क्रेपरनं खरवडून बसवला. वळवायच्या साखळीची सहा कडी बदलली. सिलिंडर बोअर केला. पिस्टनच्या रिंगा इथंच लेथवर केल्या.

एका गोष्टीवर मात्र थोडं थांबायला हवं. फायरबॉक्सच्या छतात अंगठ्याएवढा एक पितळी प्लग असतो, आणि त्याच्या पोटात शिसं. छतावर पाणी आहे तोवर शिसं टिकतं. ड्रायव्हरची नजर चुकून पाणी छताखाली गेलं, की शिसं वितळतं, वाफ आगीवर सुटते आणि मोठ्यानं सावध करते. जुना प्लग काढला तेव्हा त्यात शिशाच्या जागी लोखंडी बोल्ट ठोकलेला सापडला. कुणी तरी कधी तरी काम अडू नये म्हणून तो ठोकला असेल. दर चौरस सेंटिमीटरला दहा किलोच्या दाबाला आतलं पाणी १८० अंशांच्या वर असतं. पत्रा फाटला तर त्या पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होतो, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा लागते. तो बोल्ट जिभाऊंनी फेकला नाही. शेडच्या दाराशी खिळ्याला टांगून ठेवलाय, येणाऱ्या प्रत्येक पोराच्या नजरेला पडेल असा.

कलकत्त्यात १८६३ साली झालेल्या बॉयलरच्या स्फोटानंतर देशात बॉयलर तपासायचे कायदे सुरू झाले. पुढं १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा आला, आणि २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा बॉयलर कायदा. कायद्याप्रमाणं कागदपत्रं आणि पाण्याच्या दाबाची चाचणी झाली, पैसा जिभाऊंच्या अंदाजाच्या दुप्पट लागला, आणि शेतीच्या दुरुस्तीची बरीच गिऱ्हाइकं या काळात दुसरीकडं गेली.

(पहाट. शेडच्या बाहेर, मुरमाच्या मोकळ्या जागेत रोलर.)

आग पेटवायची ती पऱ्हाट्यांनी. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरतात त्या काड्या, खान्देशात प्रत्येक बांधाला ढीग. झटकन पेटतात, ज्वाळा लांब जाते. वर बाभळीची फाटी. कोळसा नंतर.

पोराला घाई आहे. तो फावडं भरभरून टाकायला बघतो. आप्पा त्याचा हात धरतात. "आगले घाई करू नको." आगीला घाई करू नको. थंड बॉयलर एकदम तापवला तर नळ्या एका मापानं ताणतात, पत्रा दुसऱ्या मापानं, आणि महिनाभर बसवलेले जोड एका सकाळी गळायला लागतात. म्हणून पहिला तासभर धुरापलीकडं काही दिसत नाही. दुसऱ्या तासाला बॉयलरच्या पाठीवर हात ठेवता येतो, पण फार वेळ नाही. तिसऱ्या तासाला वाफेचा दाब दाखवणारा काटा जागचा हलतो.

(काट्याचा जवळचा शॉट. निवेदन थांबवा.)

पाच किलो. आप्पा सिलिंडरचे कॉक उघडतात. आधी पाणी थुंकतं, गंजाळ, तपकिरी. मग पांढरं. मग स्वच्छ वाफ. जिभाऊ फ्लायव्हीलला हातानं अर्धा फेरा देतात, कारण पिस्टन टोकाला थांबला असेल तर वाफेलाही ढकलता येत नाही. आप्पांचा हात वाफ सोडायच्या रेग्युलेटरवर.

(फक्त आवाज.)

चाळीस फूट. शेडच्या दारापासून कुंपणाच्या लिंबापर्यंत. मागं मुरमावर दोन सपाट पट्टे उमटलेत, त्यात एक खडा वर नाही. पोरगा त्या पट्ट्यावर अनवाणी उभा राहून बघतो.

लिंबाखाली रोलर थांबतो. टाळ्या, शिट्ट्या, मोबाइल. आप्पांचं तिकडं लक्ष नाही. ते बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीवर वाकलेत. खालचा कॉक उघडून बंद करतात, पाणी खाली जातं आणि पुन्हा वर चढतं. अर्ध्यावर येऊन स्थिरावतं. मग ते पोराला जवळ बोलावतात आणि कॉकची मूठ त्याच्या हातात देतात.