पारावर वाचलेलं शपथपत्र

[तहसील कार्यालय. दार, गर्दी, हलगी.]

२९ ऑक्टोबर २०२४. धनत्रयोदशी, आणि विधानसभेचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस. मराठवाड्यातल्या या तालुक्याच्या गावात सकाळपासून हलगी वाजतेय. दाराच्या आत मात्र उमेदवार धरून पाचच जण जातात. गुलाल बाहेर, कागद आत.

[नोटरीचा शिक्का. सह्या.]

हा कागद बघा. नमुना २६, उमेदवाराचं शपथपत्र. पानापानावर सही. पाच वर्षांचं आयकराचं उत्पन्न. रोकड, ठेवी, सोनं, गाड्या, जमीन, कर्ज. स्वतःचं, बायकोचं किंवा नवऱ्याचं, अवलंबून असलेल्यांचं. प्रलंबित खटले कलमासकट. उत्पन्न येतं कुठून, सरकारशी कंत्राट आहे का, सरकारी घराचं भाडं थकलंय का. रकाना कोरा सोडता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये तसं बजावलंय.

हा कागद भांडून मिळालाय. अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी १९९९ मध्ये एक संस्था काढली आणि न्यायालयात गेले. उमेदवार कोण आहे हे जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे, असं २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. त्यावर सरकारनं अध्यादेश आणला, मग कायदा बदलला. मार्च २००३ मध्ये न्यायालयानं तो बदल रद्द केला. तेव्हा कुठे हा कागद या टेबलावर आला.

[सूचना फलक. वाऱ्यानं हलणारी पानं.]

अर्ज दाखल झाला की शपथपत्राची प्रत इथे लागते. चोवीस तासांत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरही येते. आम्ही इथे तासभर कॅमेरा लावून उभे होतो. वाचायला थांबले दोघे.

[पत्रकार, माइक, उमेदवाराची गाडी.]

पत्रकारांचा पहिला प्रश्न ऐका: 'किती मतांनी येणार?' विचारायला हवं ते या कागदात आहे. २०१९ च्या शपथपत्रात मालमत्ता किती होती आणि आज किती? मधली वाढ कशातून झाली? खटला असेल, तर पक्षालाही विचारा. स्वच्छ माणूस सोडून यांनाच तिकीट का दिलं, याचं कारण पक्षानं जाहीर करायचं असतं, आणि 'निवडून येतील' एवढं कारण चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आहे. आमदार पुन्हा उभे असतील, तर दरवर्षीचा स्थानिक विकास निधी कोणत्या गावात, कोणत्या कामावर गेला, ते गावाच्या नावानिशी विचारा.

[वर्तमानपत्राचं पान. बोट एका चौकटीवर.]

ही बारीक अक्षरातली जाहिरात. गुन्ह्यांची माहिती उमेदवारानं प्रचाराच्या काळात तीनदा अशी छापायची असते. हे भिंग आम्ही ठेवलेलं नाही. ते गुरुजींचं आहे.

[वडाचा पार. संध्याकाळ.]

निवृत्त गुरुजींनी शपथपत्रांच्या प्रती काढून आणल्यात. एकेक रकाना मोठ्यानं वाचतात. पहिल्या दिवशी चौघे होते. आज पाराला जागा नाही, बायका ओट्यांवर बसल्यात. खोटं लिहिलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही आहे, तेही गुरुजी सांगतात.

[प्रचाराची जीप थांबते. उमेदवार हात जोडून उतरतात.]

पाणी, रस्ता, वीज. आश्वासनं सगळ्यांना पाठ आहेत. मग ओट्यावरची एक बाई उठते. २०२४ च्या या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आहे आणि बाजारात भाव त्याच्या खूप खाली. तिच्या घरात पोती अजून तशीच रचलेली आहेत.

'भाऊ, ह्या कागदात तुमचं उत्पन्न शेतीचं लिवलंय. आवंदा सोयाबीन काय भावानं घातलं तुम्ही?'

[उमेदवाराचा चेहरा. निवेदन नाही.]