कोवाचिच: लोहाराच्या पोरांचं आडनाव

[दृश्य: भट्टीतलं लालभडक लोखंड, ऐरणीवर पडणारे घाव]

रात्र जागून युरोपातला फुटबॉल पाहणाऱ्या मंडळींना, मग ती मुंबईची असोत की कोल्हापूरची, मातेओ कोवाचिच हे नाव चांगलंच परिचयाचं आहे. क्रोएशियाच्या मधल्या फळीतला खेळाडू. रेआल माद्रिद, चेल्सी, मँचेस्टर सिटी अशा संघांतून खेळलेला. पण त्याच्या जर्सीवरचं आडनाव त्याच्याआधी कितीतरी माणसांनी वागवलं. त्यांतल्या काहींची आज ओळख करून घेऊ.

कोवाच म्हणजे लोहार. कोवाचिच म्हणजे लोहाराचा मुलगा. आपल्याकडे लोहार, सुतार, सोनार ही आडनावं आहेत, तसंच हे. स्लोव्हेनियात सर्वाधिक आढळणाऱ्या पहिल्या दहा आडनावांत ते येतं, आणि शेजारच्या क्रोएशियातही ते घरोघरी भेटतं.

आता एवढे कोवाचिच एकाच घराण्यातून आले असतील का? मुळीच नाही. गावात लोहार एकच असायचा. नांगराचा फाळ, घोड्याचा नाल, दाराची बिजागरी, सगळं त्याच्याकडे. "कुणाचा रे तू?" असं विचारलं की पोरगं सांगणार, लोहाराचा. दहा कोसांवरच्या दुसऱ्या गावात दुसरा लोहार, त्याचं दुसरं पोरगं, आणि तेच नाव. म्हणजे हे आडनाव शेकडो ठिकाणी, एकमेकांचा पत्ताही नसताना, आपापलं जन्माला आलं.

[दृश्य: क्रोपा गाव, ओढ्यावरची पाणचक्की, हाताने घडवलेले खिळे]

हे आहे क्रोपा. वरच्या स्लोव्हेनियातलं, येलोवित्सा पठाराच्या पायथ्याचं गाव. शतकानुशतकं इथं जवळपास सगळा गाव खिळे घडवायचा. ओढ्याच्या पाण्यावर चाक फिरायचं, चाकावर भाता चालायचा, आणि एकेका भट्टीभोवती कितीतरी जण उभे राहून ठोकत असायचे, बाया आणि लहान मुलंसुद्धा. जहाजाचे खिळे, छपराचे खिळे, बुटांचे खिळे. आज तिथं लोहारकामाचं संग्रहालय आहे. मला मात्र असं वाटतं की जिथं सगळेच लोहार, तिथं 'लोहाराचा मुलगा' म्हणून कुणाची ओळख पटणार? हे नाव रुजलं ते लोहार एकटा असलेल्या गावांत.

बोलताबोलता पडलेलं नाव कायमचं चिकटलं ते कागदामुळे. 1563 साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेनं चर्चमध्ये बाप्तिस्मा आणि लग्नांच्या नोंदी ठेवायला सांगितलं. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस, या मुलखावर राज्य करणाऱ्या हाब्सबुर्ग घराण्यातला सम्राट योसेफ दुसरा याच्या काळात, बापाचं आडनाव मुलाला लागणं सक्तीचं झालं. मुलगा मग शिंपी होवो, शिक्षक होवो, नोंदवहीत तो लोहाराचाच.

[दृश्य: कुपा नदी, पडद्यावर आडनावाची दोन रूपं शेजारी शेजारी]

ही कुपा नदी. क्रोएशियाच्या काठावर तिला कुपा म्हणतात, पलीकडे स्लोव्हेनियात कोल्पा. नदी ओलांडली की आडनावाचं शेवटचं अक्षर बदलतं. पडद्यावर नीट पाहा. स्लोव्हेन लिपीत दोन्ही 'च' एकाच खुणेचे, अक्षरावर छोटासा उलटा टोप. क्रोएशियन रूपात पहिल्या 'च'वर तोच टोप, पण शेवटच्यावर फक्त एक तिरकी रेघ. ल्युदेवित गाय नावाच्या तरुणानं 1830 च्या दशकात क्रोएशियन लेखनाची घडी बसवली, तेव्हा हे दोन वेगळे 'च' ठरले. एक जाड, एक मऊ. स्लोव्हेन मंडळींनी गायची पद्धत उचलली, पण मऊ 'च' त्यांच्या बोलण्यात नव्हता, म्हणून तो घेतला नाही. गंमत म्हणजे क्रोएशियाच्या राजधानीत, झाग्रेबमध्ये, रोजच्या बोलण्यातही हा फरक फारसा ऐकू येत नाही, आणि शाळेत मुलं हमखास तिथंच चुकतात. आपण 'चार' आणि 'चमचा' यांतले दोन उच्चार एकाच अक्षरानं लिहितो. त्यांचं नेमकं उलटं.

ही नदी दोन देशांची सीमा झाली ती अलीकडे. 25 जून 1991 रोजी, एकाच दिवशी, क्रोएशिया आणि स्लोव्हेनिया दोघांनी युगोस्लाव्हियातून बाहेर पडून स्वातंत्र्य जाहीर केलं. 2023 च्या जानेवारीत क्रोएशिया शेंगेन व्यवस्थेत, म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आला आणि या सीमेवरची तपासणी बंद झाली; त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात स्लोव्हेनियानं ती तात्पुरती म्हणून पुन्हा सुरू केली.

[दृश्य: जुन्या कचेरीतली फडताळं, दोऱ्यांनी बांधलेले कागदांचे गठ्ठे]

आता पहिला कोवाचिच. आन्ते. जन्म 1854, क्रोएशियाच्या वायव्येला, गरीब शेतकऱ्याच्या घरी. हुशार म्हणून पाद्र्यांच्या शाळेत धाडला, पण तो पाद्री झाला नाही. कायदा शिकला, वकिली केली, आणि लिहीत राहिला. 1888 साली एका साप्ताहिकातून त्याची कादंबरी क्रमशः आली: 'उ रेगिस्त्रातुरी', म्हणजे 'दफ्तरखान्यात'. तिची सुरुवातच विलक्षण आहे. सरकारी दफ्तरखान्यातले जुने कागद, धूळ खात पडलेल्या फायली, आपसात बोलायला लागतात, भांडायला लागतात. मग उलगडते खेड्यातून शहरात नोकर म्हणून आलेल्या एका मुलाची गोष्ट. शहर त्याला शिकवतं आणि पुरतं मोडून टाकतं. तो होतो दफ्तरखान्यातला कारकून. शेवटी वेडाच्या भरात तोच दफ्तरखाना पेटवून देतो आणि आगीत स्वतःही जातो.

ज्या कागदांनी लोहाराच्या पोराला कायमचं लोहाराचं पोर करून ठेवलं, त्याच कागदांना एका कोवाचिचनं कादंबरीत काडी लावली. मला हा योगायोग सोडवत नाही. लेखकाचा स्वतःचा शेवटही तितकाच करुण. मनाचा तोल गेला आणि 1889 च्या डिसेंबरात झाग्रेबजवळच्या स्तेन्येवेत्सच्या मनोरुग्णालयात, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, तो वारला. कादंबरी पुस्तकरूपानं निघाली ती 1911 साली. एकोणिसाव्या शतकातल्या क्रोएशियन कादंबऱ्यांत आज तिचं नाव अगदी वरच्या रांगेत घेतलं जातं.

[दृश्य: झाग्रेबमधील संत ब्लाझ चर्चचा घुमट, मग शेअर बाजाराची जुनी इमारत]

विक्टर कोवाचिच वास्तुविशारद. 1874 चा जन्म. आधी गवंडीकाम शिकला, मग व्हिएन्नात ओटो वाग्नरच्या हाताखाली वास्तुकला. संत ब्लाझ चर्चचा हा घुमट त्यानं काँक्रीटमध्ये उभा केला, तेव्हा हे तंत्र अजून नवंच होतं. खांबांची ही भारदस्त इमारत शेअर बाजारासाठी होती. आज तिथं क्रोएशियाची मध्यवर्ती बँक आहे. ती पुरी व्हायच्या आतच, 1924 साली, तो गेला. उरलेलं काम हुगो एर्लिखनं तडीस नेलं.

[दृश्य: गोर्स्की कोतार, धुक्यातली जंगलं, लुकोव्दोल गाव]

आणि आता इव्हान. याच्यापाशी थोडं थांबायला हवं.

कुपा नदीपासून जवळच, डोंगराळ गोर्स्की कोतार भागात, लुकोव्दोल नावाचं खेडं आहे. 21 मार्च 1913 रोजी इव्हान कोवाचिच इथं जन्मला. वडील क्रोएशियन, आई ज्यू घराण्यातली. इव्हान कोवाचिच नावाची माणसं त्या मुलखात गावोगाव भेटतील. यानं आपल्या डोंगरी प्रदेशावरून मधे एक नाव लावून घेतलं: गोरान. इव्हान गोरान कोवाचिच. कथा लिहिल्या, पत्रकारिता केली, आणि आपल्या गावच्या काय्काव्स्की बोलीत कविता लिहिल्या. शहरात राहून गावची बोली छापील कवितेत आणायची, तर बोलीवर माया लागते. ती त्याच्याकडे भरपूर होती.

1941 साली युगोस्लाव्हिया जर्मनी-इटलीच्या टाचेखाली आला. क्रोएशियात उस्ताशा या फॅसिस्ट संघटनेचं राज्य सुरू झालं आणि सर्ब, ज्यू, रोमा लोकांचं शिरकाण झालं. 1942 च्या अखेरीस गोराननं झाग्रेब सोडलं. त्याला क्षयाची बाधा होती. सोबत होते व्लादिमिर नाझोर, क्रोएशियाचे ज्येष्ठ कवी, वय सहासष्ट. एक आजारी तरुण आणि एक म्हातारा, दोघंही कवी, भर हिवाळ्यात कुपा ओलांडून, फॅसिस्टांशी गनिमी लढा देणाऱ्या पार्टिझान सैनिकांना जाऊन मिळाले.

तिथं, त्या धावपळीत, गोराननं 'यामा' लिहिली. यामा म्हणजे खड्डा. चुनखडीच्या त्या डोंगरांत खोल नैसर्गिक विवरं आहेत, आणि माणसांना मारून त्यांत फेकलं जात होतं. दहा भागांच्या या दीर्घ कवितेत बोलतो तो असाच एक बळी. त्याचे डोळे काढलेत. पहिल्याच ओळीत तो सांगतो की रक्त हाच माझा उजेड आणि रक्त हाच माझा अंधार. पुढे प्रेतांच्या राशीतून तो सरपटत बाहेर येतो, आणि वाऱ्यावरून त्याला जळणाऱ्या गावाचा वास येतो. इतकं भीषण सांगताना कवितेचा छंद, यमक, कडव्यांची बांधणी कुठंही ढळत नाही. मला वाटतं, म्हणूनच ती सोसते आणि म्हणूनच ती विसरता येत नाही. जखमी सैनिकांपुढे ती वाचून दाखवली गेली. 1944 मध्ये, युद्ध चालू असतानाच, एदो मुर्तिच आणि झ्लात्को प्रित्सा या चित्रकारांच्या चित्रांसह ती छापली गेली.

छापील प्रत कवीनं पाहिली नाही. 1943 च्या जुलैत, बोस्नियातल्या फोचा गावाजवळ, तो एका डॉक्टर प्राध्यापकासोबत मागे राहिला होता. चेत्निक या सर्ब टोळ्यांनी दोघांना ठार केलं. उस्ताशांच्या हातून मेलेल्यांसाठी, ज्यांत सर्ब मोठ्या संख्येनं होते, ज्यानं जगातली एक थोर शोककविता लिहिली, त्याला सर्ब टोळीनं मारलं. वय तीस.

त्याची कबर सापडलेली नाही. आणि त्याचीच आधीची एक कविता आहे, 'माझी कबर'. तीत तो म्हणतो की ती काळ्या डोंगरात असावी, वर लांडग्यांचं ओरडणं असावं, तिथं जायला वाट नसावी. एखादा जिवलग मित्र आलाच, तर परतताना त्यानं आपली पावलंही पुसून टाकावीत. फ्रेंच कवी पॉल एल्युआरनं पुढे गोरानच्या कबरीवर कविता लिहिली. 1964 पासून त्याच्या नावानं 'गोरानचा वसंत' हा काव्योत्सव भरतो आणि 21 मार्चला कवी लुकोव्दोलला जमतात.

[दृश्य: बाझेल शहर, रेल्वे स्थानक, मग ल्युब्ल्याना]

नदीपलीकडचा कोवाचिच, उलट्या टोपाचा, स्लोव्हेन: लोय्झे. पण त्याचा जन्म स्लोव्हेनियातला नाही. 1928 साली तो स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला जन्मला. वडील स्लोव्हेन, फर शिवणारे कारागीर. आई जर्मन. घरातली भाषाही जर्मन. वडिलांनी स्विस नागरिकत्व घेतलं नव्हतं. धंदा बुडाला आणि 1938 साली या कुटुंबाला देशाबाहेर काढण्यात आलं. लहानगा लोय्झे रेल्वेनं आला तो वडिलांच्या खेड्यात. आडनाव तिथलंच, पण भाषा एक अक्षर येत नव्हती. बाझेलमध्ये परदेशी, स्लोव्हेनियात जर्मन.

मग युद्ध. वडील युद्धातच वारले. युद्ध संपल्यावर जर्मन म्हणून आईला आणि बहिणीला ऑस्ट्रियात हाकललं. लोय्झे स्लोव्हेनियाच्या राजधानीत, ल्युब्ल्यानात, एकटा राहिला, वय सोळा-सतरा. ज्या भाषेवरून मुलांनी हिणवलं, तीच शिकून तो तिचा श्रेष्ठ गद्यलेखक झाला. पोटासाठी मुलांना कळसूत्री बाहुल्यांचं नाट्य शिकवायचा. 1980 च्या दशकात तीन खंडांत त्याची आत्मचरित्रात्मक कादंबरी आली, 'प्रिश्लेकी'. आपल्याकडे तिला 'उपरे' म्हणता येईल. स्लोव्हेन मजकुरात जर्मन संवाद जसेच्या तसे ठेवलेत. घरात जे ज्या भाषेत बोललं गेलं, ते त्याच भाषेत. स्लोव्हेन समीक्षकांनी विसाव्या शतकातली सर्वश्रेष्ठ स्लोव्हेन कादंबरी म्हणून तिचा गौरव केला. देशोदेशीच्या कागदांनी ज्याला बालपणी बेघर केलं, तो लोय्झे 1 मे 2004 रोजी वारला. त्याच दिवशी स्लोव्हेनिया युरोपीय संघात दाखल झाला.

[दृश्य: लिंत्स शहरातलं फुटबॉल मैदान, सराव करणारी मुलं]

मातेओ कोवाचिचचे आईवडील बोस्नियातले क्रोएशियन. युगोस्लाव्हिया फुटला त्या काळात ते ऑस्ट्रियात गेले आणि 1994 साली लिंत्स शहरात मातेओ जन्मला. तिथल्याच लास्क क्लबात तो फुटबॉल शिकला. लोय्झेला बापाच्या देशात रेल्वेत बसवून पाठवलं होतं. मातेओ 2007 साली, तेराव्या वर्षी, दिनामो झाग्रेबमध्ये खेळायला गेला. कुणी हाकललं म्हणून नव्हे, खेळ चांगला म्हणून. पुढे रेआल माद्रिदसोबत ओळीनं तीनदा चॅम्पियन्स लीग ही युरोपीय क्लबांची स्पर्धा जिंकली, चेल्सीसोबत चौथ्यांदा. क्रोएशियासाठी शंभराहून अधिक सामने, 2018 च्या विश्वचषकात उपविजेतेपद, 2022 मध्ये तिसरा क्रमांक.