पंचनाम्याशिवाय निषेध

(फोंडा येथील एका ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, ग्रंथालयाचे कार्यकर्ते आणि श्रोतेहो,

कुठे युद्धबंदी मोडली, वस्तीवर तोफगोळे पडले आणि माणसे मेली, की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक वाक्य हटकून असते : आंतरराष्ट्रीय समुदायाने या घटनेचा तीव्र निषेध केला आहे. हे वाक्य आपण इतक्यांदा वाचले आहे की त्यावर आता नजरही ठरत नाही. जे थांबून वाचतात, त्यांच्यात दोन तट पडतात. एकाचे म्हणणे असे की निषेधाने काय होणार, ज्याच्या हाती तोफ आहे त्याचे कागदाने काय वाकडे होणार. दुसऱ्याला वाटते की जगाने निषेध केला, म्हणजे आपली बाजू सिद्ध झाली. मला दोन्ही मते घाईची वाटतात. निषेध किती कडक भाषेत केला यापेक्षा त्याच्यामागे पंचनामा आहे की नाही, म्हणजे कुठे, केव्हा, कोणी, कोणावर हल्ला केला याची त्रयस्थाने केलेली नोंद आहे की नाही, यावर त्याचे मोल ठरते, एवढेच मला आज मांडायचे आहे.

प्रथम या निषेधाची जन्मकथा थोडक्यात सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत पंधरा सदस्य असतात. ठराव संमत होण्यासाठी नऊ मते लागतात आणि पाच कायम सदस्यांपैकी कोणी विरोधी मत द्यायचे नसते. वृत्तपत्रांसाठी काढल्या जाणाऱ्या निवेदनाला तर पंधराही जणांची संमती लागते. साहजिकच ज्या देशाचा मित्र अडचणीत असतो तो मसुद्यातून नाव काढून घेतो, तारीख काढून घेतो, आणि शेवटी ‘सर्व संबंधितांनी संयम पाळावा’ एवढे उरते. गाझाच्या बाबतीत ४ जून २०२५ रोजी कायमस्वरूपी युद्धबंदीची मागणी करणाऱ्या ठरावाला चौदा मते पडली आणि अमेरिकेच्या एका मताने तो पडला. युक्रेनवरील आक्रमणानंतर दुसऱ्याच दिवशी, २५ फेब्रुवारी २०२२ रोजी, रशियाने आपल्याविरुद्धचा ठराव असाच पाडला होता.

पण नकाराधिकारावर कोरडे ओढताना गोव्यातल्या वक्त्याने जरा जपून बोलावे. १८ डिसेंबर १९६१ रोजी, भारतीय सैन्य गोव्यात शिरले त्याच दिवशी, हीच सुरक्षा परिषद आपल्याविषयी बसली होती. तेव्हा तिचे सदस्य अकरा होते. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी मसुदा आणला : भारताच्या बळाच्या वापराबद्दल खेद, लढाई तत्काळ थांबवावी, सैन्य मागे घ्यावे. बाजूने सात मते पडली. सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त) ही चार मते विरोधात गेली, आणि त्यातल्या सोव्हिएत मताने मसुदा बाद झाला. अमेरिकेचे ॲडलाय स्टीव्हन्सन त्या दिवशी फार उद्विग्न होऊन बोलले. आपली बाजू चंद्रशेखर झा यांनी मांडली.

आता याच्या सहा वर्षे मागे जाऊ. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रही गोव्यात शिरत असताना पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्या दिवशी सीमेवर वीसहून अधिक माणसे गेली, त्यांत पंजाबचा कर्नेल सिंग होता. भारताने पोर्तुगालशी वाणिज्यदूत पातळीवरचे संबंध तोडले. सुरक्षा परिषदेने निषेधाचा एकही ठराव केला नाही. उलट चार महिनेही उलटले नव्हते तोच, २ डिसेंबरला, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्हा यांच्या संयुक्त निवेदनात पूर्वेकडील ‘पोर्तुगीज प्रांतां’चा उल्लेख झाला, म्हणजे गोवा हा पोर्तुगालचाच भाग ठरला, आणि दिल्लीत संताप उसळला. निःशस्त्र माणसांवर गोळीबार झाला तेव्हा जे गप्प होते, त्यांनाच १९६१ मध्ये शांततेची तातडी वाटली. आपल्या जुन्या पिढीचा जागतिक निषेधांवर विश्वास का बसत नव्हता, हे यावरून समजते. मात्र त्याच पिढीने पत्रादेवीला जे घडले त्याची तारीख, जागा आणि मेलेल्यांची नावे जपून ठेवली, म्हणून आज सत्तर वर्षांनी त्या गोळीबाराविषयी वाद घालायला कोणाला जागा उरलेली नाही.

१९६१ च्या त्या डिसेंबरातली आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांनी १४ डिसेंबरला गोव्याचे गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांना जो संदेश धाडला, त्याचा आशय असा होता की तह होणार नाही, कोणी कैदी होणार नाही, सैनिक एक तर जिंकतील नाही तर मरतील. वासालो इ सिल्व्हांनी तो मानला नाही. १९ तारखेच्या संध्याकाळी वास्कोत त्यांनी शरणागती पत्करली. त्यांना पुढे लष्करातून काढून टाकण्यात आले आणि १९७४ च्या क्रांतीनंतरच त्यांचा मान परत मिळाला. वास्कोतली घरे कोणत्याही ठरावाने वाचली नाहीत. ती एका अधिकाऱ्याने हुकूम मोडल्यामुळे वाचली.

कायद्याकडे वळतो. युद्धबंदी कशाने मोडते, याचे नियम १९०७ च्या हेग नियमावलीत आहेत. कलम ४० म्हणते की एका पक्षाने गंभीर उल्लंघन केले तर दुसऱ्याला युद्धबंदी रद्द करण्याचा, आणि निकडीच्या प्रसंगी लगेच लढाई सुरू करण्याचा हक्क आहे. लगेच पुढचे कलम ४१ सांगते की व्यक्तींनी स्वतःच्या मर्जीने उल्लंघन केले असेल, तर दोषींना शिक्षा द्या आणि जरूर तर नुकसानभरपाई द्या, एवढीच मागणी करता येते. ही दोन कलमे शेजारी ठेवून वाचली म्हणजे नोंदीचे महत्त्व ध्यानात येते. एखाद्या चौकीवरच्या शिपायाने झाडलेली गोळी आणि वरून हुकूम येऊन झालेला मारा यांत फरक करायचा, तर तो जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय करता येत नाही. जो पक्ष लढाई पुन्हा सुरू करायला निमित्त शोधत असतो, त्याला हा फरक पुसलेलाच बरा असतो. नागरिकांच्या बाबतीत मात्र कायदा असा सशर्त नाही. १९४९ चा चौथा जिनिव्हा करार आणि १९७७ चा त्याचा पहिला पूरक करार (प्रोटोकॉल) यांनी दिलेले संरक्षण युद्धबंदी असो वा नसो, समोरच्याने ती मोडलेली असो वा नसो, कायम राहते. ‘त्यांनी आधी केले’ हे उत्तर सैन्याविषयी काही वेळा चालते, बाजारात भाजी घ्यायला गेलेल्या बाईविषयी कधीच चालत नाही.

नोंद प्रत्यक्षात कशी होते, हे युक्रेनचे सैन्य आणि रशियाचा पाठिंबा असलेले फुटीर यांच्यात लढाई चाललेल्या पूर्व युक्रेनमध्ये पाहायला मिळाले. २०१४ ते २०२२ या काळात युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटनेचे निरीक्षक तिथे होते. त्यांच्यापाशी शस्त्रे नव्हती. दुर्बीण, कॅमेरा, ड्रोन आणि कान एवढीच त्यांची सामग्री. अमुक ठिकाणाहून, अमुक अंतरावर, अमुक दिशेला इतके स्फोट ऐकू आले, अशा रुक्ष भाषेतला अहवाल ते रोज प्रसिद्ध करीत. फेब्रुवारी २०१५ च्या मिन्स्क करारानुसार १५ तारखेच्या मध्यरात्री तोफा थांबायच्या होत्या, पण तीन दिवसांत देबाल्त्सेव्ह शहर फुटीरांच्या हाती पडले. २०१७ या एका वर्षात त्यांनी चार लाखांहून अधिक उल्लंघने मोजली. कोणी गोळी झाडली हे सांगण्याची त्यांना सहसा मुभा नव्हती, म्हणून त्यांची टिंगलही पुष्कळ झाली.

तरीही २४ जानेवारी २०१५ चा त्यांचा अहवाल काढून पाहावा. मारिउपोल शहराच्या पूर्वेकडील वस्तीवर त्या सकाळी अग्निबाण कोसळले आणि तीसएक नागरिक ठार झाले. निरीक्षक त्याच दिवशी तिथे गेले, जमिनीतले खड्डे त्यांनी तपासले आणि लिहिले की हे ग्राद व उरागान जातीचे अग्निबाण असून ते ईशान्येकडून आणि पूर्वेकडून, फुटीरांच्या ताब्यातील भागातून आले आहेत. पुढे युक्रेनने हा हल्ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे मांडला. त्या खटल्यात युक्रेनच्या पदरी फारसे काही पडले नाही हे खरे, पण अग्निबाण कुठून आले याचे उत्तर मात्र त्या खड्ड्यांनी एकदाच आणि कायमचे दिले.

नोंद करणारा निघून गेला म्हणजे काय होते, हे आपल्या शेजारी घडले आहे. श्रीलंकेतील युद्धबंदी २२ फेब्रुवारी २००२ रोजी झाली आणि नॉर्वेच्या पुढाकाराने नॉर्डिक देशांचे निरीक्षक आले. २००६ मध्ये युरोपीय संघाने तमिळ वाघांना दहशतवादी ठरवले, तेव्हा वाघांनी संघाच्या सदस्य देशांचे निरीक्षक नकोत असा हट्ट धरला आणि स्वीडन, डेन्मार्क, फिनलंडची माणसे परतली. जानेवारी २००८ मध्ये सरकारने करारच संपवला आणि उरलेले निरीक्षकही गेले. त्या सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्यांना वाघांच्या ताब्यातील किलिनोच्ची सोडावे लागले. त्यानंतर २००९ मध्ये सरकारने जाहीर केलेल्या ‘मारा-निषिद्ध’ पट्ट्यांत जे घडले, त्यात चाळीस हजारांपर्यंत नागरिक मेले असावेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०११ मध्ये लिहिले. ‘असावेत’ हा शब्द तिथे नाइलाजाने आला आहे. मे २००९ मध्ये मानवाधिकार परिषदेने तर निषेध सोडाच, श्रीलंका सरकारचे कौतुक करणारा ठराव एकोणतीस मतांनी संमत केला. त्या एकोणतिसांत भारत होता.

याच्या उलट उदाहरण बोस्नियाचे. १३ ऑगस्ट १९९२ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव ७७१ संमत करून तिथल्या वांशिक हकालपट्टीचा कडक निषेध केला. तेवढ्यावर थांबली असती तर तो कागदही विसरला गेला असता. पण त्याच ठरावात तिने सर्व देशांना आणि संस्थांना आपल्याकडची खात्रीलायक माहिती गोळा करून पाठवायला सांगितले. ऑक्टोबरात तिच्या छाननीसाठी तज्ज्ञांचा आयोग नेमला गेला, आणि मे १९९३ मध्ये ठराव ८२७ ने युद्धगुन्ह्यांसाठी न्यायाधिकरण स्थापन झाले. त्यामुळे स्रेब्रेनिका वाचले का? नाही. ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केलेल्या त्या गावातले आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे जुलै १९९५ मध्ये, शांतिसैनिक जवळ असताना, मारले गेले. निषेधाची मर्यादा याहून कठोरपणे कोणी दाखवू शकणार नाही. पण न्यायाधिकरणाने १६१ जणांवर आरोप ठेवले आणि बोस्नियातील सर्ब सैन्याचा सेनापती म्लादिच याला २०१७ मध्ये जन्मठेप झाली.

आपल्या देशाविषयी बोलायला संकोच करण्याचे कारण नाही. नियंत्रणरेषेवर २०२० मध्ये पाकिस्तानने ५,१०० हून अधिक वेळा युद्धबंदी मोडल्याचे आपल्या सरकारने संसदेत सांगितले. पाकिस्तान आपल्यावर तसेच हजारोंचे आकडे मांडत आले. संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक १९४९ पासून तिथे आहेत, पण सिमला करारानंतर भारत त्यांच्याकडे तक्रार नेत नाही. त्यामागचे धोरण मला समजते. काश्मीर हा दोन देशांमधला प्रश्न आहे, त्यात तिसरा नको. त्याची किंमतही कळली पाहिजे : मे २०२५ मध्ये पूंछ शहरावर गोळे पडून नागरिक मेले, तेव्हा जगापुढे ठेवायला आपल्याकडे आपलेच म्हणणे होते. २५ फेब्रुवारी २०२१ च्या संयुक्त निवेदनानंतर रेषा काही वर्षे शांत राहिली, ती कोणाच्या निषेधाने नव्हे, तर दोन्हीकडच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या दूरध्वनीने. हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवे.

युक्रेनसंबंधीच्या मतदानात भारत तटस्थ राहिला. मात्र बुचा गावातील हत्या उजेडात आल्यावर ५ एप्रिल २०२२ रोजी आपले प्रतिनिधी तिरुमूर्ती यांनी परिषदेत त्यांचा निःसंदिग्ध निषेध केला आणि स्वतंत्र चौकशीच्या मागणीला पाठिंबा दिला. रशियाचे नाव घेतले नाही म्हणून त्या भाषणावर टीका झाली. मला ते त्या दिवसातील बरे भाषण वाटते, कारण त्यात चौकशी मागितली होती.

शेवटी सुदान. १३ जून २०२४ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव २७३६ ने, सरकारी सैन्याशी लढणाऱ्या निमलष्करी दलाने दारफूर प्रांतातील एल फाशर शहराला घातलेला वेढा उठवण्याची मागणी केली. वेढा उठला नाही आणि २६ ऑक्टोबर २०२५ रोजी शहर त्या दलाच्या हाती पडले. आत निरीक्षक नव्हते, वार्ताहर जवळजवळ नव्हते. हत्यांच्या खुणा येल विद्यापीठाच्या संशोधकांनी उपग्रहाच्या छायाचित्रांतून टिपल्या. त्याआधी वीस दिवस, ६ ऑक्टोबरला, हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने अली कुशायब या टोळीप्रमुखाला त्याच दारफूर प्रांतातल्या २००३-०४ सालच्या गुन्ह्यांसाठी दोषी ठरवले. दारफूरबाबतचा त्या न्यायालयाचा हा पहिलाच निकाल. साक्षीदारांच्या तोंडून गावांची आणि मेलेल्यांची नावे वदवून घ्यायला दोन दशके गेली होती, आणि निकाल वाचला जात होता तेव्हा एल फाशरला वेढा पडून दीड वर्ष होत आले होते.