शिडावरचं ऊन

श्रोतेहो, नमस्कार.

कोकण किनाऱ्यावर शिडाच्या होड्या चालत तेव्हा दर्यावर्दी माणसाला दिवसातली एक वेळ नकोशी वाटायची. रात्रभर जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सकाळी दमतो आणि समुद्रावरून येणारा खारा वारा अजून उठलेला नसतो. त्या मधल्या तास-दोन तासांत शीड ओल्या धोतरासारखं लोंबतं. मग वल्ही मारा, नाहीतर बसून राहा. पुढे डिझेल इंजिन आलं, आणि हा तास भागवायला आलेला पाहुणा घराचा मालक झाला. शीडच उतरलं.

आज ज्या शिडाविषयी बोलायचं आहे, ते या तासासाठीच आहे असं मला वाटतं. या शिडावर सौर पॅनेल असतात. ते वीज करतात, वीज बॅटरीत साठते आणि त्या विजेवर होडीची मोटर चालते.

विजेची होडी ही कल्पना नवी नाही. रशियात मॉरिट्झ याकोबी या शास्त्रज्ञाने 1838 साली सेंट पीटर्सबर्गच्या नेवा नदीत बॅटरीवर होडी चालवली होती. रुडॉल्फ डिझेलचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. अडचण मोटरची नव्हतीच. भर पाण्यात वीज आणायची कुठून, हा खरा प्रश्न होता.

गच्चीवरचं नेहमीचं पॅनेल शिडाला लावता येत नाही. त्यातला सिलिकॉन पापडासारखा असतो, वाकवला की मोडला. पण तांबं, इंडियम, गॅलियम आणि सेलेनियम यांचा एक थर आहे. तो केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही पातळ असतो आणि लवचीक पत्र्यावर किंवा प्लास्टिकवर चढवता येतो. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, कान शहराच्या शेजारी, एका शीड शिवणाऱ्याने असे पट्टे शिडाच्या कापडावर बसवायला सुरुवात केली. हे काम एखाद्या वीजतज्ज्ञाने नव्हे, शीड शिवणाऱ्याने हाती घेतलं, हे मला फार आवडलं. कापड कुठे ताणतं, कुठे फडफडतं, कुठे मुडपतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

आता थोडा हिशेब करू. आकडे ढोबळ आहेत, पण डोळे उघडणारे आहेत.

शिडावर 10 चौरस मीटर पट्टे बसवले असं धरा. नेमकं समोरून कडक ऊन पडलं तर त्यातून दीड किलोवॅट मिळेल. पण शीड काही सूर्याकडे तोंड करून उभं राहत नाही, ते वाऱ्याचं ऐकतं. शिवाय डोलकाठीची सावली पडते, आणि तिरप्या उन्हाचा जोर कमी. दिवसाकाठी चार युनिट वीज हाती लागली तर चांगलंच म्हणायचं. एक लिटर डिझेल जाळून इंजिनाकडून साधारण तीन युनिट काम मिळतं. म्हणजे दिवसभराच्या उन्हाची किंमत झाली सव्वा-दीड लिटर डिझेल!

ऐकून हिरमोड झाला ना? माझाही झाला होता. पण थांबा. दहा मीटर लांबीच्या, पाच टनी होडीला पाच नॉट, म्हणजे ताशी साधारण नऊ किलोमीटर, वेगासाठी साधारण चार किलोवॅट लागतात, म्हणजे आपली चार युनिटं तासाभरात संपतील. वेग निम्मा केला तर? लागणारी शक्ती निम्म्यावर नाही, जवळजवळ आठव्या हिश्शावर येते. तीच वीज आठ तास पुरते आणि होडी चौपट लांब जाते. घाई नसलेल्या माणसाला समुद्र अशी भरघोस सूट देतो. आणि बंदरातून बाहेर पडायला नाहीतर धक्क्याला लागायला अर्धा तास मोटर पुरे, बाकीची वाट वाराच नेतो.

सकाळच्या त्या पडलेल्या वाऱ्याचंही असंच. तेव्हा सूर्य धड डोक्यावर नसतो, धड क्षितिजावर नसतो. उभ्या शिडावर ऊन बऱ्यापैकी पडतं. वाऱ्यासाठी निकामी झालेलं शीड त्या वेळी उन्हासाठी उभं ठेवायचं!

तक्रारी आहेतच. सौरपट्टीतले तुकडे दिव्यांच्या माळेसारखे एकापुढे एक जोडलेले असतात. एकावर सावली पडली की सगळी माळ मंदावते. म्हणून मध्ये डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग, घालून विजेला आडवाट करून द्यावी लागते. होडीने दिशा बदलली की उन्हाची बाजू बदलते, म्हणून पट्टे दोन्ही अंगांना हवेत. वादळात शीड आखूड करताना घड्या पडतात, त्या जागा मोकळ्या ठेवाव्या लागतात. आणि डोलकाठीच मोडली तर शीडही जातं, वीजही जाते.

म्हणून शहाणा नावाडी एकाच देवाला नवस करत नाही. होडी शिडावर पळत असताना पाण्याचा प्रवाह मोटरचा पाण्यातला पंखा फिरवतो आणि तीच मोटर उलटी चालून वीज देते. व्हेंदे ग्लोब या एकट्याने, न थांबता जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत कॉनराड कोलमन हा खलाशी खनिज तेलाचा थेंबही न वापरता निघाला. फेब्रुवारी 2017 मध्ये शर्यत संपत आली असताना त्याची डोलकाठी कोसळली. उरलेल्या सामानातून त्याने कामचलाऊ शीड उभं केलं, अन्न संपत आलं, तरी 110 दिवसांनी तो फ्रान्सच्या किनाऱ्याला लागला.

आपल्याकडे मात्र हे शीड जसंच्या तसं उचलून आणू नये. युरोपात सूर्य बराचसा तिरपा असतो, उभ्या शिडाला ते मानवतं. मुंबईत मे महिन्याच्या मध्यावर भर दुपारी तो थेट माथ्यावर येतो आणि ऊन शिडाला नुसतं घासून जातं. म्हणूनच केरळातल्या वैकम आणि तवणक्कडव यांच्यामध्ये जानेवारी 2017 पासून धावणारी ‘आदित्य’ ही 75 प्रवाशांची फेरीबोट बिनशिडाची आहे. तिचं सपाट छप्परच 20 किलोवॅटच्या पॅनेलांचं आहे. फेरी अडीच किलोमीटरची, वेळापत्रक ठरलेलं, तिथे वाऱ्याची मनधरणी कोण करणार?

आपल्या किनाऱ्यावर कोणी करून पाहणार असेल, तर माझं मत असं: अर्धे पट्टे छपरावर घाला, अर्धे शिडावर. दुपार छपराकडे द्या, सकाळ-संध्याकाळ शिडाकडे. आणि मोटर घेताना विक्रेत्याला वेग विचारण्याआधी, अर्ध्या वेगाला किती वीज खाते, ते विचारा.

नमस्कार.