शंभर किलो शेणाचं टाकं

(दृश्य: कापसाचं रान, बांधावर पऱ्हाटीचा ढीग)

वेचणी संपली की पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटून बांधावर येते आणि तिला काडी लावली जाते. हा ढीग मात्र जाळायचा नाही, टाक्यात कुजवून त्याचं खत करायचं. कोयत्याखाली त्याचे दोन-तीन इंचांचे तुकडे होताहेत. तुकडे लांब राहिले तर थरात पोकळी धरते, तिथली काडी कोरडी पडते आणि चार महिन्यांनी जशीच्या तशी हाताला लागते.

(दृश्य: विटांचं टाकं)

हे नाडेप टाकं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ही पद्धत बसवली. ना, दे, पां या आद्याक्षरांवरून नाव पडलं नाडेप, आणि ते स्वतः झाले नाडेपकाका. टाकं आतून 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच. नऊ इंची भिंत मातीत बांधलेली, फक्त वरचा थर सिमेंटमध्ये, म्हणजे ती ढासळत नाही. भिंतीतली ही भोकं बघा, सात-सात इंचांची. कचरा नीट कुजवणारे जीवाणू हवेवर जगतात. हवा कोंडली की कुजण्याऐवजी आत घाण वास सुटतो.

(दृश्य: भरणी)

आधी तळ आणि भिंती शेणपाण्यानं भिजवून घ्यायच्या. मग सहा इंच काडीकचरा, साधारण शंभर किलो. त्यावर चार-पाच किलो शेण सव्वाशे ते दीडशे लिटर पाण्यात कालवून सगळीकडे सारखं शिंपडायचं. त्यावर पन्नास-साठ किलो चाळलेली कोरडी माती. काच, प्लास्टिक, खडे आधीच वेचलेले. पुन्हा कचरा, पुन्हा शेणकाला, पुन्हा माती. असे दहा-बारा थर एका दिवसात, फार तर दोन दिवसांत व्हायलाच हवेत. रेंगाळलेली भरणी एकसारखी कुजत नाही.

सगळं मिळून शेण लागतं नव्वद ते शंभर किलो. एवढ्या शेणावर तयार होतं सुमारे तीन टन खत! त्यात निम्म्याहून जास्त मातीच असते, हे खरं. पण तीच माती कुजताना सुटणारा नत्र, म्हणजे नायट्रोजन, धरून ठेवते. म्हणून तिच्यात काटकसर करू नये.

(दृश्य: शेणामातीनं लिंपलेला माथा)

माथा दीड फूट वर, झोपडीच्या छपरासारखा उतरता. त्यावर तीन इंच माती आणि शेणाचं सारवण. पंधरा-वीस दिवसांत ढीग आठ-नऊ इंच खाली बसतो. तेव्हा त्याच क्रमानं पुन्हा भरून लिंपायचं.

(दृश्य: सारवणातली भेग, त्यावर फिरणारा हात)

ही भेग आज बुजवायलाच हवी. इथून ओल उडते आणि नत्रही. भोकांतून पाणी शिंपडत राहायचं, पण टाक्याखालून काळं पाणी वाहू लागलं तर ते जास्त झालं. उन्हापासून वर गवताचं छप्पर.

(दृश्य: टाकं फोडलं जातंय, मुठीत खत)

तीन ते चार महिने झाले. रंग गडद तपकिरी, शेणाचा वास गेलेला. उकिरड्यावरचं अर्धकच्चं शेणखत रानात गेलं की सोबत हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, आणि तणाचं बी जातं. इथे ती भीती फार कमी. जमीन भुसभुशीत होते, ओल धरते.

खत चाळून घ्यायचं आणि पेरणीपर्यंत सावलीत, किंचित ओलसर ठेवायचं. चाळणीवर उरलेला भरडा पुढच्या भरणीत जातो.