आधी हिरडा, मग मंजिष्ठा

ही लडी जरा जवळून बघा. लांबून विटकरी वाटते, पण धाग्यावर कुणी पीठ भुरभुरावं तशी दिसतेय. रंग उडालेला नाही. निम्म्या धाग्यावर तो धड चढलाच नाही. निम्मी लोकर आणि निम्मा कापूस एकत्र पिंजून कातलेलं हे सूत. तुरटीच्या पाण्यातून काढून मी ते थेट मंजिष्ठाच्या, म्हणजे लाल रंग देणाऱ्या वनस्पतीच्या, पातेल्यात सोडलं. लोकर रंग पिऊन बसली, कापूस फिकट गुलाबीवरच अडला.

लोकर म्हणजे प्रथिन, आपल्या केसांसारखंच. तुरटी तिला सहज धरते. कापसावर मात्र ती टिकत नाही, धुताना निघून जाते. तिथे हिरडा लागतो. त्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, कापसाला चिकटतं, टॅनिनला तुरटी आणि तुरटीला रंग. कलमकारीचे कारागीर कापड आधी हिरड्यात बुडवतात ते उगाच नाही. कापसाला लाल धरायला लावण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेल्या सुती तुकड्यावरही मंजिष्ठाच्याच कुळातला रंग सापडला.

तर आज दुसरी लडी. कोरडी असताना 100 ग्रॅम भरली. रिठ्याच्या कोमट पाण्यात धुतली आणि रात्रभर 20 ग्रॅम हिरड्याच्या पुडीत भिजवली. सकाळी हलकी पिवळट झाली होती. मग 15 ग्रॅम तुरटी, मंद आचेवर तासभर. पातेलं स्टीलचं. लोखंडी कढई अजिबात नको. हिरड्याला लोह भेटलं की काळं होतं. पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) घालून शाईच करायचे!

मंजिष्ठा काष्ठौषधींच्या दुकानातली. 60 ग्रॅम काड्या कुटून फडक्यात बांधल्यात, नाहीतर कुसं वेचण्यात दिवस जातो. आता सगळ्यात अवघड काम: हात आवरायचे. गरम पाण्यात लोकर घुसळली की ती आटते, तंतू एकमेकांत अडकून तिचा नमदा होतो. तळाशी बारीक बुडबुडे धरले की आच कमी. पाऊण तासाने गॅस बंद, आणि लडी रात्रभर त्याच पाण्यात. गरम लडी थंड पाण्याखाली धरायची नाही. मी एकदा धरली होती, त्या लोकरीचं पायपुसणं झालं.

सकाळ. तिसऱ्या पाण्याला रंग सुटायचा थांबला. वाळल्यावर एका टोकाचा पीळ अंगठ्यावर उलगडला: लोकरीचे तंतू गडद, कापसाचे विटेच्या भुकटीसारखे. एक छटा मागेच, पण आता पांढरं कुठे दिसत नाही.

आधीची ती पीठ भुरभुरलेली लडी आता हिरड्यात बसलीय. उलट्या क्रमाने कितपत जमतं, ते उद्या बघू.